टॉवेलाखालचा प्रोजेक्ट

माणूस विषय कशावरून निवडतो? कुणी आवडीवरून, कुणी मार्कांवरून. रेणुकादास मुदखेडकरांनी तो कोटावरून निवडला.

झालं असं, की वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी रेणुकादासांनी घरबसल्या, ऑनलाइन बी.ए. करायचं ठरवलं. मुख्य विषय मराठी. पण सोबत एक मायनर विषय निवडा, असं मोबाइलच्या पडद्यावर आलं आणि खाली यादी उघडली. प्रत्येक विषयाशेजारी एक चित्र. इतिहासाला किल्ला होता. (औशाचा किल्ला घरापासून अर्ध्या तासावर, त्यामुळे किल्ल्याचं त्यांना अप्रूप नव्हतं.) मानसशास्त्राला मेंदू होता, आणि रेणुकादास त्या वेळी जेवत होते. बिझनेसला मात्र राखाडी कोट घातलेला, हाताची घडी घालून मंद हसणारा एक माणूस होता. रेणुकादासांनी ताट बाजूला सरकवलं, आरशासमोर उभे राहिले आणि हाताची घडी घालून पाहिली. बनियनवर ती तेवढी शोभली नाही. पण उरलेलं काम कोट करील अशा भरवशावर त्यांनी बिझनेसवर बोट दाबलं.

पदवीची त्यांना एवढी निकड का, हे सांगायला हवं. लातूर म्हणजे परीक्षांचं शहर. तिथल्या एका खासगी क्लासच्या ऑफिसात रेणुकादास सकाळी सात ते बारा असे अर्धवेळ कामाला होते. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येत, आणि रेणुकादास त्यांच्या अर्जांवर शिक्के मारत. वीस वर्षांत त्यांनी हजारो पोरांचे निकाल भिंतीवर चिकटवले असतील. स्वतःचा निकाल चिकटवायची वेळ काही आली नव्हती. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षी सुटलं, बी.कॉम. पहिल्याच वर्षी सुटलं, हा तिसरा प्रयत्न. त्यात क्लासच्या संचालकांनी सांगून ठेवलेलं, "मुदखेडकर, नांदेडला शाखा काढायचीय. तीन वर्षांत पदवी आणा, पूर्णवेळ व्यवस्थापक करतो."

शिवाय घराच्या दारावरची पाटी होती. वरच्या ओळीत 'सौ. सरोजिनी मुदखेडकर, एम.ए., बी.एड.' (सरोजिनीबाई औशाला शिक्षिका, रोज एसटीने जा-ये.) खालच्या ओळीत 'श्री. रेणुकादास मुदखेडकर,' आणि पुढे काही नाही. पेंटरने हाताच्या सवयीने स्वल्पविराम दिला आणि मग विचारलं, "फुडं काय लिवू?" रेणुकादास म्हणाले, "राहू द्या, येतंय." त्याला पाच वर्षं झाली होती. पोस्टमनसुद्धा पाकीट देताना त्या स्वल्पविरामाकडे बघून घ्यायचा.

तर असे रेणुकादास बिझनेस शिकू लागले, आणि शिकता शिकता थक्क होऊ लागले. दुपारी बारानंतर क्लासच्या नोट्सचे गठ्ठे ठेवायच्या खोलीत ते मोबाइल उभा करून बसत. पडद्यावर मृण्मयी मॅडम येत. वयाने अठ्ठावीस-तीसच्या, रेणुकादासांना 'सर' म्हणायच्या, पण काय ते ज्ञान! ग्राहक या एका गोष्टीवर त्या दोन तास बोलल्या. रेणुकादासांची आजवरची समजूत अशी, की ग्राहक म्हणजे "यापेक्षा कमीतलं नाही का?" असं विचारणारा माणूस. आणि मॅडम सांगत होत्या, ग्राहकाला मन असतं, भीती असते, स्वप्नं असतात. रेणुकादासांनी ते वहीत लाल शाईने लिहून घेतलं. हे सगळं जगात चालू होतं आणि आपल्याला कुणी कळूसुद्धा दिलं नाही, या विचाराने त्यांचे डोळे पाणावले.

घरी आल्यावर हे ज्ञान कुठेतरी सांडायलाच हवं होतं.

"सरोजिनी, आपल्या घराचं व्हिजन काय आहे?"

"डबा घासायला टाका, हेच व्हिजन हाय."

"तसं नाही. पाच वर्षांनी आपण स्वतःला कुठं पाहतो?"

"मी एसटीच्या थांब्यावर बघते," सरोजिनीबाई म्हणाल्या. "तुमचं तुम्ही बघा." त्या एक स्कूटी घ्यायच्या विचारात होत्या आणि महिन्याच्या महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकत होत्या. एवढं साधं नियोजन रेणुकादासांच्या वहीत कुठल्याच व्याख्येत बसलं नाही, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

सगळे पेपर कसेबसे निघाले आणि शेवटचा प्रोजेक्ट उरला. खऱ्या बाजारातली एक खरी वाटाघाट पाहायची, तिचं चित्रण करायचं आणि समजावून सांगायची. चाळीस मार्क. यात नापास म्हणजे मायनर नापास, मायनर नापास म्हणजे पदवी नाही, म्हणजे नांदेड नाही, आणि दारावरचा स्वल्पविराम जन्मभर तसाच लटकलेला राहणार. रेणुकादासांची झोप उडाली.

"त्यात काय एवढं?" सरोजिनीबाई पोळ्या लाटत म्हणाल्या. त्यांचं माहेर जळकोटकडचं, खेड्यातलं. "आमच्या गावचे किशनकाका हायत की. तीस वर्षं जनावरांची दलाली करायलेत. उदगीरच्या बाजारात जावा आन बघा."

रेणुकादास एसटीने उदगीरला गेले. बाजार भरला होता. नजर पोचेल तिथपर्यंत शिंगं. लाल कंधारी बैल, कोकरं, वासरं, आणि मधूनच देवणी गायी, अंगाने पांढऱ्याशुभ्र आणि तोंडावर काजळी फिरवल्यासारख्या काळ्या. किशनराव पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि खांद्यावर लाल पट्ट्यांचा टॉवेल अशा थाटात सामोरे आले.

"या जावईबापू! लई दिवसानं." (गावच्या पोरीचा नवरा म्हणून रेणुकादास त्या अख्ख्या पंचक्रोशीचे जावई होते.) "वाटाघाट बघायची म्हन्ता? ही काय चालूच हाय."

रेणुकादासांनी पाहिलं. दोन माणसं उकिडवी बसली होती. दोघांचे उजवे हात एका टॉवेलाखाली. एक आभाळाकडे बघत होता, दुसरा गाईच्या शेपटीकडे. कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

"कुठं आहे वाटाघाट?"

"टॉवेलाखाली," किशनराव हळूच म्हणाले. "बोटं धरून भाव सांगतेत. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा धरला की पाच."

"एक म्हणजे किती? शंभर, हजार?"

"ते जनावराकडं बघून कळतंय. हात सोडला म्हंजे न्हाई. मूठ दोनदा दाबली म्हंजे झालं."

"पण तोंडानं का नाही बोलत?"

"तोंडानं बोललं तर शेजारच्याला भाव कळंल की! मंग त्याच्या जनावराचं काय? ज्याचं त्याचं नशीब ज्याच्या त्याच्या टॉवेलाखाली."

मॅडमनी तीन वर्षं जे शिकवलं, ते इथे एका टॉवेलाखाली बिनबोभाट चाललं होतं. शेकडो सौदे, आणि बाजारात आवाज फक्त जनावरांचा. त्यांनी भक्तिभावाने बारा मिनिटं चित्रण केलं आणि घरी येऊन पाठवून दिलं. दोन दिवसांनी मॅडमचा मेल आला. 'व्हिडिओत संवाद नाही. दोन्ही व्यक्ती एकमेकांकडे पाहतही नाहीत. एक जण झोपल्यासारखा वाटतो. वाटाघाट कुठे आहे? पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी एक वाजता सर्व विद्यार्थ्यांसमोर लाइव्ह सादरीकरण करावे. ही शेवटची संधी.'

शेवटची संधी म्हटल्यावर रेणुकादासांनी ट्रंकेतून लग्नातला कोट काढला. मार्च महिना, उदगीरचं ऊन आणि अंगात अठरा वर्षांपूर्वीच्या मापाचा कोट. बाजारात शिरताच तीन जणांनी त्यांना जनावराच्या लसीबद्दल विचारलं आणि एकाने तर बैलाचं तोंड उघडून त्यांच्यासमोर धरलं. रेणुकादासांनी आत पाहून "छान आहे" म्हटलं.

किशनरावांनी सगळी तयारी केली होती. गाईवाले वीरण्णा म्हणून सीमेवरच्या एका गावचे, सत्तरीचे, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांच्याशेजारी त्यांची देवणी गाय, गंगव्वा. तिला पाहिलं आणि रेणुकादास जागच्या जागी थबकले. ती भारी शांत, भारी देखणी होती. सकाळपासून येणारी गिऱ्हाइकं तिचे दात मोजत होती, कास चाचपत होती, पण रेणुकादासांनी दोन पावलं मागं सरून तिला नमस्कार केला. वीरण्णांनी ते पाहिलं.

घोटाळा पुढे झाला. जे गिऱ्हाईक टॉवेलाखाली बसणार होतं, ते कॅमेरा म्हटल्याबरोबर मागे सरलं. घरी बायकोला लग्नाला जातो म्हणून सांगून आलेला माणूस तो. एक वाजायला चार मिनिटं होती.

"मंग तुमीच बसा की," किशनराव म्हणाले. "दाखवायचंच तर हाय."

रेणुकादास बसले. मोबाइल समोर कडब्याच्या पेंढीला टेकवून ठेवला. पडद्यावर मृण्मयी मॅडम आल्या, त्यांच्यामागोमाग चाळीसेक विद्यार्थी छोट्या छोट्या चौकटींत आले. वीरण्णांनी हात पुढे केला, किशनरावांनी वर टॉवेल टाकला.

"सर, आवाज येतोय," मॅडम म्हणाल्या. "पण हात दिसत नाहीत."

"मॅडम, हात दिसायचेच नसतात." आणि रेणुकादासांनी समजावून सांगितलं. बोटांचा हिशेब, शेजाऱ्याची अडचण, हात सोडणं, मूठ दाबणं. चौकटींतली मुलं एकेक करून पडद्याजवळ सरकली. मॅडमनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. नांदेडची शाखा रेणुकादासांना स्पष्ट दिसू लागली, बाहेर पायरीवर कुंडीसुद्धा दिसली.

"आता प्रत्यक्ष दाखवा," मॅडम म्हणाल्या.

वीरण्णांनी त्यांची तीन बोटं धरली. आता यावर दोन धरायची, एवढं रेणुकादासांना किशनरावांनी शिकवलं होतं. पण ऐन वेळी त्यांच्यातला जावई जागा झाला. सासुरवाडीकडचा माणूस. वडीलधारा. अठरा वर्षं या मुलखाने त्यांना पुरणपोळीवर 'बास' म्हणेपर्यंत तूप वाढलं, आणि त्यांनी आज घासाघीस करायची? तीही चाळीस लोकांसमोर? शोभतं का ते? रेणुकादासांनी वीरण्णांची चार बोटं धरली.

वीरण्णांच्या भुवया कपाळातल्या भस्मापर्यंत गेल्या. त्यांनी पुन्हा तीनच बोटं धरली, जरा घट्ट. रेणुकादासांनी नम्रपणे पुन्हा चार. वीरण्णांनी तीन. टॉवेल खालीवर होऊ लागला.

"जावईबापू," किशनराव टॉवेलाकडे बघत म्हणाले, "काय चालवलंय आत? टॉवेल असा कधी उडत न्हाई."

"वाटाघाट," रेणुकादास घाम पुसत म्हणाले.

"फारच छान, सर," मॅडम म्हणाल्या. "आता शेवट दाखवा. दोघांनाही मान्य झालं, हे कसं कळतं?"

"अगदी सोपं आहे, मॅडम." त्या घटकेला वीरण्णांनी तीन बोटं धरलेली होती. "मूठ अशी दोनदा..."

आणि त्यांनी दाबली.

वीरण्णा ताडकन उठले. "आतु!" असं म्हणाले (त्यांच्याकडे कानडीत 'झालं' याला तसंच म्हणतात), खिशातला गुलाल काढला, गंगव्वाच्या कपाळाला लावला आणि उरलेला रेणुकादासांच्या कोटाच्या बाहीला पुसला. आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या.

"हे पण प्रात्यक्षिकात असतं का?" रेणुकादासांनी बारीक आवाजात विचारलं.

"आवो, सौदा झाला," किशनराव म्हणाले. "गाय तुमची."

"अहो काका, ते दाखवायला होतं!"

"ते तोंडानं सांगितलं तुमी. हाताला काय म्हाईत, दाखवायचं हाय का खरं हाय?" किशनरावांचा चेहरा गंभीर झाला. "तीस वर्षं झाली मला. टॉवेलाखाली खोटं बोलल्यालं अजून कुनी बघितलं न्हाई."

"मोडता येत नाही?"

"येतंय की. मोडा." किशनराव हळू आवाजात म्हणाले. "मंग आमच्या गावच्या जावयानं शब्द फिरवला, असं उद्या जळकोटपत्तोर जाईल. सरोजिनीला माहेरी यायचं असतंय, एवढं ध्यानात ठिवा."

रेणुकादासांच्या तोंडचं पाणी पळालं. इकडे वळावं तर गाय, तिकडे वळावं तर मॅडम. मोडावं तर सासुरवाडी गेली आणि प्रोजेक्टही गेला, न मोडावं तर वीरण्णांच्या हातात ठेवायला खिशात एसटीचं परतीचं भाडं. एवढ्यात गंगव्वाने कडब्याची पेंढी ओढली. मोबाइल आडवा झाला आणि चाळीस विद्यार्थ्यांच्या पडद्यावर एक भलंमोठं ओलं नाक आलं.

"सर, हे काय आहे?" मॅडमचा आवाज आला.

"मॅडम, हे... हे उत्पादन आहे."

शेवटी किशनरावांनी आपला बटणांचा फोन काढला, सरोजिनीबाईंना लावला आणि स्पीकर चालू करून रेणुकादासांच्या हातात दिला. शाळेची मधली सुट्टी होती.

"हॅलो, मी बोलतोय."

"झाला का प्रोजेक्ट?"

"झाला. आणि... गाय घेतली."

"कुणी?"

"आपण."

पलीकडे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"कितीला?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"ते सांगत नसतात," रेणुकादास म्हणाले. तसं पाहिलं तर तीन म्हणजे किती, हे त्यांना अजून कळलेलंच नव्हतं.

"कुणाची गाय?"

"वीरण्णा म्हणून आहेत."

"त्यांना द्या फोन."

आणि मग जे झालं, ते रेणुकादास आजही कुणी चहाला आलं की सांगतात. सरोजिनीबाई कानडीत बोलू लागल्या. अठरा वर्षं ज्या बाईच्या हातचं ते जेवले, तिला नळासारखं धो धो कानडी येतं याचा त्यांना पत्ताच नव्हता. वीरण्णा आधी ताठ उभे होते. मग "हौद्री, हौद्री" (म्हणजे हो जी, हो जी) म्हणू लागले. मग हसले, मग कपाळाला हात लावला, मग मान हलवत हलवत खालीच बसले. पाच मिनिटांनी त्यांनी फोन किशनरावांकडे दिला, त्यांनी ऐकून घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं.

"भाव हाय तोच. त्यो मोडत नसतोय. पर वासरू संगं. उन्हाळाभराचा कडबा वीरण्णाचा. गळ्यातली घंटा बी संगं. टेम्पो त्येंचाच. पैशे सरोजिनी उद्या बँकेतून धाडनार. आन महिनाभर दर आठ दिवसाला वीरण्णा सोता लातूरला येऊन जावईबापूला धार काढायला शिकवनार." किशनरावांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "सौदा झाल्यावर एवढं घेनारं मानूस मी पैलं बघायलो. गावची पोरगी हाय म्हनावं!"

मोबाइल अजून चालू होता. गाईचं नाक बाजूला झालं होतं आणि मॅडम कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या होत्या.

"सर, ह्या कोण?"

"माझ्या मिसेस."

"एमबीए कुठून केलं त्यांनी?"

"जळकोटहून," रेणुकादास म्हणाले. उत्तर चुकलं हे त्यांना कळलं. आपण कुणाशी लग्न केलंय, हे माणसाला अठरा वर्षांनी आणि तेही उदगीरच्या बाजारात कळावं, याचा त्यांना एवढा अचंबा वाटत होता की उन्हात, कोटात, गुलालात ते नुसते उभेच राहिले.

संध्याकाळी टेम्पो लातूरला पोचला. सरोजिनीबाई दारात ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. रेणुकादास लगबगीने पुढे झाले.

"तुम्ही थांबा जरा बाजूला. आधी ती."

गाय ओवाळून झाली, वासरू ओवाळून झालं. गंगव्वाला शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये बांधलं. मग सरोजिनीबाई पायरीवर बसल्या आणि त्यांना हसू आवरेना.

"म्हातारा काय म्हणला ठाव हाय? म्हणला, चाळीस वर्षं मी बाजार केला, पण घेणाऱ्याला खाली ओढून आणायची पाळी पहिल्यांदा आली. तीन म्हटलं तर हा माणूस चार देतोय!"

"मग त्यांनी चार का नाही घेतले?"

सरोजिनीबाई हसायच्या थांबल्या. "मी बी तेच विचारलं. म्हणले, पोरं पुण्याला गेली, माझ्यानं आता होत नाही, गाय चांगल्या घरी पडावी एवढंच बघायलो होतो. तुमच्या मालकांचा हात थरथरत होता टॉवेलाखाली. फसवणाऱ्याचा हात थरथरत नसतो, म्हणले."

रेणुकादासांनी आपल्या हाताकडे पाहिलं. त्या हाताबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. "तुझ्या स्कूटीचे पैसे गेले, सरोजिनी," ते म्हणाले.

"जाऊ द्या. येतेत परत." त्या गाईकडे बघत होत्या. हीच ती नजर, जिला मॅडम व्हिजन म्हणतात, हे रेणुकादासांना तेव्हा कळलं.

निकाल लागला. प्रोजेक्टला चाळीसपैकी सदतीस. शेरा, 'विक्रेता व खरेदीदार दोघेही समाधानी राहिलेले दुर्मिळ उदाहरण. सौद्यानंतरची वाटाघाट केवळ थक्क करणारी.' तीन मार्क कुठे गेले ते मॅडमनी लिहिलं नव्हतं, आणि रेणुकादासांनी विचारलं नाही. पेंटर आला आणि आठ वर्षं वाट पाहिलेल्या स्वल्पविरामापुढे त्याने 'बी.ए.' लिहिलं. रेणुकादास तासभर पाटीसमोर उभे राहिले. रंग वाळेपर्यंत त्यांनी पोस्टमनलाही आत जाऊ दिलं नाही.

नांदेडचं मात्र राहिलं. कारण गंगव्वा. तिने वीरण्णांच्या शिकवणीत रेणुकादासांचा हात ओळखून ठेवला आणि दुसऱ्या कुणाला ती पान्हाच सोडेना. सरोजिनीबाईंनी करून पाहिलं, शेजाऱ्यांनी पाहिलं, तिने सगळ्यांना शेपटी मारून परत पाठवलं. संचालकांना रेणुकादासांनी खरं कारण सांगितलं. संचालकांनी आधी मोठ्याने हसून घेतलं, मग नांदेडला दुसरा पदवीधर पाठवला आणि रेणुकादासांना इथेच पूर्णवेळ केलं.

तर आता घरात अशी व्यवस्था आहे, की सकाळी पाचला रेणुकादास बी.ए. गोठ्यात असतात आणि बाकी सगळं सरोजिनीबाई बघतात. कुठल्या घरी म्हातारं माणूस आहे, कुठे लहान मूल आहे, कुणाला दूध आधी पोचायला हवं, हे त्यांना तोंडपाठ. गिऱ्हाईक वाढलं तसं त्यांनी वीरण्णांशी कानडीत बोलून आणखी दोन गायी आणल्या. या दोघींचं रेणुकादासांवाचून अडत नाही. स्कूटी वर्षाच्या आत दारात आली, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅनसकट.

"सरोजिनी, तू हे जे करतेस ना," रेणुकादास अधूनमधून भारावून सांगतात, "याला बाजारपेठेचं विभाजन म्हणतात."

"म्हणू द्या. तुम्ही वैरण टाका."

गेल्या एप्रिलमध्ये मृण्मयी मॅडमचा मेल आला. नव्या विद्यार्थ्यांसाठी प्रत्यक्ष व्यवसायातल्या व्यक्तीचं व्याख्यान हवं होतं, तेही गोठ्यातूनच. रेणुकादासांनी कोट धुवायला टाकला. (बाहीवरचा गुलाल निघाला नाही.) ठरल्या वेळी ते मोबाइलसमोर उभे राहिले, हाताची घडी घातली आणि मंद हसले. मुद्दे पाठ होते.

"नमस्कार, सर," मॅडम म्हणाल्या. "सर, थोडं डावीकडे होता का? अजून थोडं. अजून. हां, आता बरोबर. आता सरोजिनी मॅडम दिसतायत."

सरोजिनीबाई तासभर बोलल्या. दीडशे मुलं ऐकत होती. रेणुकादासांनी ऐकता ऐकता वहीत लाल शाईने चार पानं लिहून घेतली. शेवटी मॅडमनी विचारून एक फोटोही घेतला.

जूनमध्ये नवे प्रवेश सुरू झाले तेव्हा रेणुकादासांनी सहज ती विषयांची यादी उघडली. किल्ला होता. मेंदू होता. पण बिझनेसशेजारचा राखाडी कोटवाला माणूस गेला होता. त्याच्या जागी सरोजिनीबाई होत्या, गंगव्वाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या. रेणुकादासांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. डाव्या कडेला, चित्र संपतं तिथे, कोटाचं एक कोपर आलं होतं. बाहीवर गुलालसुद्धा होता.

"सरोजिनी, लवकर ये! मी पण आहे यात!"

सरोजिनीबाई हात पुसत आल्या. त्यांनी निरखून पाहिलं. "कुठं?"

"हे काय, इथं. हे माझं कोपर."

"हाव की," सरोजिनीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, खुंटा हाय."